काठालगतचे गोल खड्डे: मासा कोणता, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. इंदापूर तालुक्यातल्या तुमच्या गावच्या पाझर तलावाचं पाणी एप्रिलमध्ये मागे हटलं आणि काठाच्या चिखलात परातीएवढे गोल खड्डे उघडे पडले. तसेच खड्डे गुडघाभर पाण्यातही दिसतात, एकाला लागून एक. गावात तीन मतं आहेत. कुणी म्हणतं मरळ, कुणी कासव, कुणी सायप्रिनस. तुम्ही हात घालून पाहिलंत, पण एकाही खड्ड्यात अंडी सापडली नाहीत. त्यात तुमच्या मिशिगनच्या भावाने त्याच्या घराजवळच्या तळ्यातल्या हुबेहूब तशाच खड्ड्यांचा फोटो पाठवला आणि 'हा ब्लूगिल मासा, तुमच्याकडेही तोच आला असणार' असं कळवलं. शेवटी तुम्ही विचारलंय की या खड्ड्यांमुळे तलावाचा बांध पोखरला जाईल का. माझ्या मते तुमची खरी काळजी हीच आहे.

थोडक्यात सांगायचं तर तुमच्या तलावातले खड्डे जवळजवळ नक्की चिलापीचे, म्हणजे तिलापिया माशाचे आहेत. भावाच्या तळ्यातले ब्लूगिलचे किंवा त्याच्या भाऊबंदांचे असतील. बांधाला या खड्ड्यांची भीती नाही, भीती असलीच तर दुसऱ्याच बिळांची आहे आणि त्याबद्दल पुढे लिहितो. 'जवळजवळ' म्हटलं, कारण मी फक्त फोटो पाहिलेत, आणि तेही रिकाम्या खड्ड्यांचे. गोड्या पाण्यातली मासेमारी हाच माझा आयुष्यभराचा धंदा, त्यामुळे खड्ड्यांचे फोटो मला बरेच येतात. प्रत्येकाला आधी एकच विचारतो: खड्ड्यावर कोण उभं होतं? नुसत्या खड्ड्यावरून फार तर 'इथे कुणीतरी मुद्दाम खणलंय' एवढं कळतं. जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या, एकमेकांशी फारसं नातं नसलेल्या माशांना उथळ पाण्यात गोल खळगा करायची सवय लागली आहे, म्हणूनच तुमच्या भावाचा गोंधळ झाला.

अंडी सापडली नाहीत म्हणून तुम्ही खड्डे माशांचे नसावेत अशी शंका घेतलीत. मला मात्र नेमकं त्याच गोष्टीवरून चिलापीचं नाव सुचलं. चिलापीच्या खड्ड्यात अंडी राहतच नाहीत. नर खड्डा खणतो, रंग चढवून त्यावर उभा राहतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्या मादीला बोलावतो. मादी येते, खड्ड्यात थोडी अंडी सोडते आणि लगेच वळून ती तोंडात उचलते. नर वीर्य सोडतो. हे काही वेळा झालं की मादी तोंड भरून निघून जाते आणि नर दुसरीची वाट बघत तिथेच थांबतो. तोंडातली अंडी साधारण तीन ते पाच दिवसांत फुटतात. पिल्लं त्यानंतरही आठ-दहा दिवस तोंडातच असतात. या काळात मादी जवळजवळ काही खात नाही. खड्डा हा नराचा मांडव आहे. बाळंतपण मादीच्या तोंडात होतं आणि तेही तिथून लांब, काठाच्या गवताच्या आडोशाला.

त्यामुळे खड्ड्यात हात घालून अंडी शोधण्यापेक्षा सकाळी काठाच्या अगदी कडेला, वीतभर पाण्यात बघा. करड्या रंगाच्या बारीक पिल्लांचा दाट थवा दिसेल आणि त्याच्या मागे तळहाताएवढी एक मळकट मादी. तुमची सावली पडली की ती थोडी मागे सरकते, तोंड खाली करते आणि सगळी पिल्लं तिच्या तोंडाकडे धावतात. क्षणात थवा गायब होतो. हे एकदा पाहिलं की दुसरा पुरावा लागत नाही. आपल्याकडच्या पाण्यात पिल्लं परत तोंडात घेणारा, काठालगत एवढ्या संख्येने दिसणारा मासा हाच.

आता नराकडे या. बिनवाऱ्याच्या सकाळी, ऊन पाण्यात तिरपं शिरत असताना पोलराइज्ड गॉगल लावून खड्ड्यांपासून पाच-सहा पावलं मागे बसून राहा. उभे राहू नका. तुम्ही आलात की नर खोल पाण्यात पळतात, पण खड्डा सोडून फार वेळ लांब राहणं त्यांना परवडत नाही, कारण शेजारी लगेच घुसतो. दहा-पंधरा मिनिटांत एकेक काळा मासा आपापल्या खड्ड्यावर परत येऊन थांबेल. काळा म्हणजे अगदी काळाकुट्ट, हनुवटी आणि गळा मात्र पांढरा, आणि पाठीच्या पराची व शेपटीची कडा लालसर. असा नर दिसला तर तो मोझांबिक चिलापी, शास्त्रीय नाव ओरिओक्रोमिस मोझांबिकस. जुन्या नराचा जबडा मोठा आणि कपाळाची रेषा आत दबलेली असते. अंग लालसर झाक मारत असेल आणि शेपटीवर वरपासून खालपर्यंत स्पष्ट, एकसारख्या उभ्या रेघा असतील, तर तो नाईल चिलापी, ओरिओक्रोमिस निलोटिकस. शेपटीच्या या रेघा सगळ्यात भरवशाची खूण, म्हणून कुणी मासा पकडून फोटो पाठवणार असेल तर मी शेपटी पंख्यासारखी फाकवून फोटो काढायला सांगतो. अंगावरच्या रंगावर फार विसंबू नका. पकडलेला मासा घाबरला की रंग मिनिटभरात उडतो आणि माद्या, पिल्लं तर दोन्ही जातींत सारखीच राखाडी दिसतात.

हे इतकं सोपं नाही, कारण या दोन जातींचा संकर सहज होतो. शेपटीवर अर्ध्यामुर्ध्या रेघा आणि गळा पांढरट, असे मासे भरपूर मिळतात. अशा वेळी 'चिलापी' एवढंच म्हणून थांबावं. गावाला, सोसायटीला, ठेकेदाराला त्यापुढचं नाव लागत नाही. कुणाला ते अभ्यासासाठी हवंच असेल तर फोटो पुरत नाही, प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते.

खणण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. चिलापी तोंडाने खणते. नर खाली मान घालतो, तोंडभर चिखल उचलतो, खड्ड्याच्या कडेला जाऊन थुंकतो आणि परत येतो. तासन्‌तास हेच चालतं. त्यामुळे खड्ड्याभोवती उचललेल्या मातीचा कठडा तयार होतो. तळ सपाट आणि गुळगुळीत राहतो. तळ्यात जागा मोकळी असेल तर खड्डे गोल असतात. गर्दी झाली की प्रत्येक नर शेजाऱ्याच्या हद्दीवर माती थुंकतो, शेजारीही तेच करतो, आणि मधल्या कडा सरळ होत जातात. मग गोलाऐवजी सहा बाजूंचे आकार दिसायला लागतात. जॉर्ज बार्लो या प्राणिशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये याच माशाच्या या षट्कोनी हद्दींवर शोधनिबंध लिहिला होता. तुमच्या दुसऱ्या फोटोत उजवीकडच्या कोपऱ्यात, सुकलेल्या चिखलात मला तशा सरळ कडा दिसताहेत. एकट्या-दुकट्या माशाच्या किंवा प्राण्याच्या कामातून असं जाळं उमटत नाही. दाट वस्तीची ही खूण आहे, आणि आपल्याकडे अशी दाट वस्ती करून खणणारा मासा म्हटलं की चिलापीच.

तुमचे काही खड्डे कोरड्यात आणि काही पाण्यात का, याचं उत्तरही यातच आहे. नर पाणी जसं मागे जाईल तसा मागे सरकतो आणि नव्या काठालगत नवा खड्डा करतो. उजनीच्या फुगवट्यावर उन्हाळ्यात हे फार छान दिसतं. धरण मायनसमध्ये जातं, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरतं, काठ मैलभर मागे हटतो आणि चिखलात खड्ड्यांच्या रांगा एकीखाली एक उघड्या पडतात. वरची रांग आधीच्या पाणीपातळीची, खालची नंतरची. गाळपेरीसाठी ट्रॅक्टर घालेपर्यंत त्या तशाच राहतात. तुमच्या तलावात सगळ्यात वरची रांग आत्ताच्या पाण्यापासून किती उंचीवर आहे ते मोजलंत तर यंदा खणायला सुरुवात झाली तेव्हा पाणी साधारण कुठे होतं याचा अंदाज येईल. पाणी २० अंशांच्या पुढे गेलं की चिलापी विणीला लागते. आपल्या पठारावर म्हणजे थंडी ओसरली की सुरू आणि ती पार दिवाळीपर्यंत. एकच मादी एका हंगामात अनेकदा वितेल, म्हणूनच हिची संख्या आवरत नाही.

आता गावातल्या तीन मतांकडे वळतो. तिन्ही अगदीच टाकाऊ नाहीत.

मरळ म्हणणाऱ्यांनी मरळीला पिल्लांची राखण करताना पाहिलं असणार. ती खरंच करते, आणि जोरात करते. पण मरळ जमीन खणत नाही. पाणवनस्पतींच्या दाटीत थोडी जागा मोकळी करते आणि अंडी वर तरंगतात, कारण त्यांत तेलाचा अंश असतो. नंतर लालसर-नारिंगी पिल्लांचा एक पुंजका पाण्यात वर-खाली होताना दिसतो आणि त्याखाली आई-बाप फिरत असतात. जवळ बेडूक गेला तरी झडप घालतात. तुमच्या तलावात मरळ असेलही, असली तर चांगलंच आहे, पण हे खड्डे तिचे नाहीत.

सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, खणतो हे बरोबर. पण तो खाण्यासाठी चिखल उकरतो. मुठीएवढे, वेडेवाकडे, कठडा नसलेले खळगे आणि सगळीकडे गढूळ पाणी, ही त्याची खूण. अंडी तो गवताला, पानांना चिकटवतो. कटला, रोहू, मृगळ यांना तर घरटं माहीतच नाही. पुराच्या पाण्यात अंडी सोडायची आणि मोकळं व्हायचं. कोकणात पहिल्या पावसाला वलगणीचे मासे चढतात, तेही याच कामाला निघालेले असतात. आपल्या बहुतेक देशी माशांची रीत ही अशी, आणि म्हणूनच काठावर बसून खड्डा राखणारा मासा लोकांना नवखा वाटतो.

कासवाचं म्हणाल तर मादी पाण्याबाहेर, कोरड्या काठावर खणते, अंडी घालते आणि वरून माती लोटून झाकून टाकते. उघडा, स्वच्छ, कठड्याचा खड्डा ती मागे ठेवत नाही. मुंगसाने किंवा कोल्ह्याने ते उकरलं असेल तर भोवती अंड्यांची टरफलं पसरलेली असतात.

देशी माशांत खणणारे अजिबात नाहीत असं मात्र नाही. शिंगाळा नदीच्या संथ भागात, पावसाच्या आधी, तळाशी खड्डा करून पिल्लांची राखण करतो. पण तो नदीचा आणि मोठ्या धरणांचा मासा, काठालगत गुडघाभर पाण्यात त्याची वसाहत दिसायची नाही. देशी मागूर भातखाचरांच्या आणि तळ्यांच्या बांधात, पाण्याच्या पातळीखाली बिळासारखी जागा करून त्यात अंडी घालते, पण तेही पावसाळ्यात. म्हणजे महिना आणि खड्ड्याची दिशा, दोन्ही बघायची. तळात खाली गेलेली बशी वेगळी आणि काठात आडवं शिरलेलं भोक वेगळं. कोकणात किंवा गोव्यात खाडीजवळच्या तळ्याबद्दल कुणी हा प्रश्न विचारला असता, तर मी आधी कालुंदर आठवला असता. कालुंदराची जोडी दगडाला किंवा बुडालेल्या लाकडाला अंडी चिकटवते, दोघं मिळून राखतात आणि जवळच छोटे खळगे करून त्यांत नुकती फुटलेली पिल्लं ठेवतात. अंगावर उभे पट्टे आणि मोत्यासारखे ठिपके असलेली जोडी एका जागी घुटमळताना दिसली तर तो कालुंदर समजावा. इंदापूरला त्याचा विचार करायचं कारण नाही.

तुमच्याच भागात एक फसवणारी गोष्ट मात्र आहे आणि ती उजनीच्या काठी भिगवणला येणाऱ्या हौशी लोकांना हमखास चकवते. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उथळ चिखलात खाद्य शोधताना एका जागी चोच ठेवतो आणि तिच्याभोवती पाय आपटत गोल फिरतो. त्यातून चिखलात गोल कडं उमटतं. मी स्वतः लांबून अशा कड्यांना चिलापीची वस्ती समजून चालत गेलेली माणसं पाहिली आहेत. फरक सोपा आहे: पक्ष्याच्या खड्ड्याच्या मधोमध उंचवटा राहतो आणि भोवती चर असतो. माशाच्या खड्ड्याचा मध्य सगळ्यात खोल आणि कडा उंच. तुमच्या फोटोत मध्य खोल आहे.

आता तुमच्या भावाकडे. त्याचं ओळखणं त्याच्या जागी बरोबर आहे, फक्त ते इथे लावायचं नाही. ब्लूगिल हा उत्तर अमेरिकेतल्या सनफिश कुळातला मासा. नर मे-जूनमध्ये, पाणी वीस अंशांच्या आसपास तापलं की काठालगत वसाहत करून खड्डे करतात, साधारण फूटभर रुंद. पण तो शेपटीने झाडतो. खड्ड्याच्या तळातला गाळ उडवून खालची वाळू-खडी स्वच्छ उघडी करतो, म्हणून वरून बघताना हिरव्या-काळ्या तळावर फिकट गोल ठसठशीत दिसतात. मुख्य म्हणजे अंडी खड्ड्यातच, खड्यांना चिकटलेली राहतात आणि नर शेपटीने व परांनी पाणी ढवळत ती राखतो. तिथे तुमच्यासारखा हात घातला तर अंडी सापडतीलही, आणि नर तुमच्या बोटालाही टोचा मारून जाईल. तेव्हा भावाला सांगा, हात घालू नको, कारण नर थोडा वेळ जरी हुसकला गेला तरी टपलेले छोटे मासे अंड्यांवर तुटून पडतात.

भावाने अजून बारकाईने बघायचं असेल तर कल्ल्यामागच्या कानासारख्या झालरीकडे बघावं. ती काळी असेल आणि पाठीच्या पराच्या मागच्या टोकाला एक गडद डाग असेल तर ब्लूगिल. झालरीच्या टोकाला लाल-नारिंगी ठिपका असेल तर पंपकिनसीड. खड्डा एकटा, दोन-तीन फूट रुंद, आणि ब्लूगिलच्या आधीच, पाणी अजून थोडं गार असताना दिसला तर लार्जमाउथ बास. हे तिन्ही एकाच तळ्यात असू शकतात, त्यामुळे तिथेही खड्ड्याचा फोटो पुरेसा नाही. चिलापी मिशिगनच्या उघड्या तळ्यात हिवाळा काढू शकत नाही, पाणी दहा अंशांच्या खाली गेलं की ती मरू लागते. म्हणजे तिकडचा मासा इकडे नाही आणि इकडचा तिकडे टिकणार नाही. दोघांचा नर काठालगत गोल खणतो एवढंच साम्य.

चिलापी तरी आपल्याकडे कुठून आली, हे कुणी विचारायच्या आधीच लिहून टाकतो. मूळ आग्नेय आफ्रिकेतली. १९५२ मध्ये भारतात आणली, स्वस्त प्रथिनं मिळतील या आशेने. ती कोणत्याही पाण्यात जगते आणि वेगाने वाढते हे दिसल्यावर सगळीकडे पसरवली गेली. मग तिची संख्या आवरेना म्हणून १९५९ मध्ये केंद्राच्या मत्स्य संशोधन समितीने तिच्या प्रसारावर बंदी आणली, पण तोवर ती सुटलेली होती. नाईल चिलापी त्यानंतर सत्तरच्या दशकात आली. उजनीचं काम १९८० मध्ये पूर्ण झालं, आणि आज भिगवणच्या बाजारात चिलापी नसेल तर बाजार भरला असं कुणी म्हणणार नाही. कित्येक भोई कुटुंबांची चूल तिच्यावर चालते. म्हणून मी तिला नुसतं 'परकी, घुसखोर' म्हणून मोकळा होत नाही. पण देशी मासे कमी झाले त्यात तिचा वाटा आहे, हेही डोळ्यांदेखत पाहिलंय.

तुमच्या तलावात ती कशी आली, हे तुम्हालाच शोधावं लागेल. बहुतेक वेळा मत्स्यबीजातून येते. कटला-रोहूची बोटुकली म्हणून घेतलेल्या पिशवीत चार चिलापीची पिल्लं निघाली तरी पुढच्या उन्हाळ्यात असेच खड्डे दिसतात. कधी उजनीतून कुणीतरी हौसेने बादलीतून आणून सोडते. ओढ्याला पूर आला तर स्वतःही चढते.

खड्ड्यांचा आकार मोजायला मी सांगतो, त्याचं कारण ओळख नाही. मोठा नर मोठा खड्डा करतो. तुमचे खड्डे परातीएवढे आहेत, म्हणजे त्या तलावात अजून बऱ्यापैकी मोठे नर आहेत. पुढच्या दोन-तीन वर्षांत खड्डे संख्येने वाढत गेले पण आकाराने लहान होत गेले, थाळीएवढे, मग वाटीएवढे, तर समजा की तलावात गर्दी झाली. गर्दीत चिलापी वाढायची थांबते, पण वीण थांबवत नाही. बोटभर लांबीचीच वयात येते. मग जाळ्यात किलोंनी येते पण विकायला लाज वाटावी अशी, आणि ठेका घेतलेली सोसायटी बुडते. ती वेळ यायच्या आधी काढायला लागा: बारीक आसाची (छिद्रांची) फेकजाळी काठालगत, खड्ड्यांच्याच वेळी. तुमच्या तलावाला जमत असेल तर मरळीचं बीज सोडा, ती चिलापीची पिल्लं आवडीने खाते. किती सोडायचं हे पाणी उन्हाळ्यात किती उरतं यावर आहे, आकडा इथून देणं बरोबर नाही. त्याच पाण्यात कटला-रोहूची लहान बोटुकली सोडणार असाल तर मरळ आधी सोडू नका, तीही खाईल. आणि विष टाकणं, जिलेटिनचा स्फोट करणं, वीज सोडणं यांपैकी काहीही करू नका. चिलापी त्यातूनही उरते, मरतात ते बाकीचे. पकडलेली जिवंत चिलापी दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडणं तर नकोच. शेततळ्यात मुद्दाम चिलापी पाळायची असेल तर त्याला परवाना लागतो, हे लक्षात ठेवा. अस्तराच्या प्लास्टिकमध्ये ती खणू शकत नाही म्हणून वीणही नाही, असं काहीजण समजतात. ते खोटं आहे, खड्ड्याशिवायही ती वीण करते.

आता बांध. चिलापीचे खड्डे तळाच्या मऊ गाळात, काही बोटं खोल असतात आणि ते बांधाच्या मातीत आत शिरत नाहीत. पाण्याकडच्या अंगाला दगडी पिचिंग शाबूत असेल तर तिथे ती खणणारच नाही, तिला मऊ, सपाट तळ लागतो. पिचिंग निघालेलं असेल तर मात्र मातीला लाटांचा मार बसतो आणि दुरुस्ती त्याची करायला हवी, माशाची नव्हे. बांधाला खरा त्रास आडव्या बिळांचा: घुशीची, खेकड्याची. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटून माणसं गेली. तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं होतं आणि महाराष्ट्रभर त्याची टिंगल झाली. मला त्या वादात पडायचं नाही, पण बीळ दिसलं तर दुर्लक्ष करू नये एवढं खरं. खेकड्याच्या बिळाच्या तोंडाशी चिखलाच्या गोळ्या पडलेल्या असतात, घुशीच्या बिळाशी मोकळ्या मातीचा ढीग असतो. बांधाच्या कोरड्या अंगाला अशी बिळं, आणि त्यांच्याखाली ओल किंवा पाझर दिसला, तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि पाटबंधारे किंवा जलसंधारणाच्या अभियंत्याला जागेवर बोलवा. पाझर गढूळ येत असेल तर रात्रही थांबू नका, कारण गढूळ म्हणजे आतली माती वाहते आहे.

एक सूचना सगळ्यांसाठीच. सांगलीजवळ कृष्णेच्या, चिपळूणला वाशिष्ठीच्या किंवा मुंबईत पवईच्या काठावर कुणी असे फोटो काढायला जाणार असेल तर तिथे मगरी आहेत. काठात माणूस शिरेल एवढं मोठं बीळ दिसलं की खड्डे मोजणं बाजूला ठेवून परत फिरायचं.

तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. खड्ड्यावर परत आलेल्या नराचा, शक्यतो वरून आणि बाजूने, असे दोन फोटो. आणि गळाला कणकेचा गोळा लावून एक मासा काढता आला, तर त्याच्या फाकवलेल्या शेपटीचा एक फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. गळा पांढरा होता का, हे मासा पाण्याबाहेर काढल्या काढल्या बघून लिहा, नंतर रंग उतरतो. मादी निघाली आणि तिच्या तोंडातून पिवळसर अंडी बाहेर पडू लागली, तर फोटोच्या मागे न लागता तिला लगेच खोल पाण्यात सोडा, किंवा चिलापी कमीच करायची ठरली असेल तर सरळ कालवणात टाका.